एकेक नमुना

मराठी भाषेत 'नमुना' ह्या शब्दाइतका सोयीचा शब्द दुसरा नसेल. बँकेत तो सहीला चिकटतो आणि 'नमुना सही' होतो. वाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक चार दाणे तळहातावर घेतं, एक दाताखाली फोडून बघतं, तोही नमुनाच. आणि चारचौघांपेक्षा निराळा वागणारा एखादा इसम जिन्यातून वर गेला की खालच्या मजल्यावरच्या काकू हळूच म्हणतात, "काय एकेक नमुने असतात!" प्रस्तुत लेखक तिन्ही अर्थांनी नमुन्यांच्या सहवासात आहे. दिवसभर काउंटरवर बसून तो नमुना सह्या ताडून बघतो. संध्याकाळी घरी येऊन जुन्या लढाऊ विमानांचे प्लॅस्टिकचे नमुने जोडतो आणि रंगवतो. आणि ह्या दुसऱ्या उद्योगामुळे काकूंच्या यादीत त्याचा नंबर बराच वर लागतो.

ज्यांना हा उद्योग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक खोकं मिळतं. झाकणावर ढगांतून झेप घेणाऱ्या विमानाचं असं चित्र असतं की बघणाऱ्यानं खुर्ची घट्ट धरावी. झाकण काढलं की आत मात्र करड्या प्लॅस्टिकच्या दोन-तीन चौकटी, आणि त्यांना द्राक्षाच्या घडासारखे लोंबणारे पन्नासेक तुकडे. ते नेलकटरनं तोडायचे, कानशीनं घासायचे आणि चिकटवायचे. चिकटवणारं द्रव्यही मोठं नामी असतं. ते खरं म्हणजे डिंकासारखं चिकटवत नाहीच. दोन्ही तुकड्यांच्या कडा विरघळवतं आणि त्यांचा एकच तुकडा करून टाकतं. दोन बँकांच्या विलीनीकरणासारखं. सांधा पुढे दिसत नाही, फक्त काही दिवस वास येत राहतो.

सगळ्यात लोकप्रिय प्रमाण एकास बहात्तर. म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट इथे एक इंच. सहा फुटांचा धिप्पाड वैमानिक ह्या हिशेबानं बरोब्बर एक इंचाचा होतो. मी पाच फूट चार इंच आहे. त्यामुळे ह्या जगात मी इंचालाही कमी पडतो, पण त्याची मला बँकेत सवय झालेली आहे.

आता एक बी.कॉम. झालेला, चाळिशी उलटलेला, गृहकर्जाचे हप्ते भरणारा माणूस रात्री अकरा वाजता भिंगाखाली एक हिरवा ठिपका बघत बसतो आणि "हा हिरवा तो हिरवा नव्हे" म्हणून सुस्कारा सोडतो, ह्याचं इतरांना नवल वाटणारच. आमच्या हेडकॅशियरांनी एकदा स्पष्टच विचारलं, "अहो, हिरवा तो हिरवा. एवढ्याशा विमानाचा रंग चुकला म्हणून कोणाचं काय बिघडणार आहे?" प्रश्न रास्त होता. पण त्याचं उत्तर द्यायला इतिहासात शिरावं लागतं, आणि त्या दिवशी पेन्शनची रांग दारापर्यंत गेली होती. म्हणून इथे देतो.

ह्या धंद्याचा उगम इंग्लंडमधला. १९३२ साली 'स्कायबर्ड्‌स' नावाचे लाकडी विमानांचे संच निघाले आणि बहात्तराचं प्रमाण त्यांनी रूढ केलं. त्यात गणितापेक्षा सोय जास्त होती. ब्रिटिश माणूस फूट-इंचात विचार करायचा आणि सहा फुटांना एक इंच हा हिशेब शाळकरी पोरालाही तोंडी जमायचा. त्याच साली 'फ्रॉग' ह्या नावाची खेळण्यातली विमानं बाजारात आली. फ्रॉग म्हणजे बेडूक. पण ती 'फ्लाइज राइट ऑफ ग्राउंड' ह्या शब्दांची आद्याक्षरं होती, कारण ही विमानं रबराच्या पिळावर खरोखर जमिनीवरून उडायची. पुढे १९३६ च्या नाताळात ह्याच मंडळींनी प्लॅस्टिकचे, जोडून ठेवायचे संच काढले. ही विमानं काही उडणारी नव्हती. मग नाव काय द्यावं? त्यांनी दिलं 'पेंग्विन'. पक्षी खरा, पण उडत नाही! व्यापारी माणसानं आपल्या मालाचा दोष इतक्या प्रामाणिकपणे खोक्यावर छापल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. कर्जाच्या कागदपत्रांवर ही पद्धत आली तर निम्मी भांडणं मिटतील.

ते प्लॅस्टिक सेल्युलोज ॲसिटेटचं होतं. काही वर्षांनी त्याला पोक यायचं, पंख वळायचे. पण तोवर खेळ खेळ राहिलाच नव्हता.

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटननं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. तिसऱ्याच दिवशी, म्हणजे ६ सप्टेंबरला सकाळी, शत्रूची विमानं येताहेत अशी वर्दी आली आणि लंडनच्या पूर्वेकडची सगळी विमानपथकं आकाशात झेपावली. ५६ क्रमांकाच्या पथकाची हरिकेन विमानं उडाली. त्यांच्यामागून थोड्या अंतरावर त्यांचीच दोन राखीव हरिकेन्स चालली होती. ७४ क्रमांकाच्या पथकातल्या स्पिटफायर वैमानिकांनी ती दोन मागून येणारी विमानं पाहिली, ती शत्रूची समजली आणि गोळ्या झाडल्या. दोन्ही कोसळली. एक वैमानिक वाचला. दुसरा, पायलट ऑफिसर माँटेग्यू हल्टन-हॅरप, जागीच गेला. त्या युद्धात मारला गेलेला तो पहिला ब्रिटिश लढाऊ वैमानिक. आकाशात त्या सकाळी एकही जर्मन विमान नव्हतं. म्हणजे ज्या स्पिटफायरचे पुढे एवढे पोवाडे गायले गेले, त्यानं युद्धात पाडलेली पहिली दोन विमानं स्वतःच्याच घरची. गोळ्या झाडणाऱ्या दोघा वैमानिकांवर लष्करी खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं. त्यांनी फक्त ओळखलं नव्हतं.

आता हा सगळा बहात्तराचा हिशेब समोर ठेवून पाहा. हरिकेनचा पंखविस्तार चाळीस फूट. माझ्या टेबलावर पावणेसात इंच. जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ चा बत्तीस फुटांच्या थोडा वर. टेबलावर साडेपाच इंचाला जरा कमी. म्हणजे आप्त आणि शत्रू ह्यांच्यात फरक सव्वा इंचाचा! तोही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तर. समोर ऊन, ताशी तीनशे मैलांचा वेग, छातीत धडधड आणि विचार करायला दोन सेकंद असतील तर त्या सव्वा इंचाचं काय होतं ते त्या सकाळी दिसलं. त्या प्रकरणाला पुढे 'बार्किंग क्रीकची लढाई' असं उपरोधिक नाव पडलं.

तेव्हा लक्षात आलं की ओळखणं ही शिकवायची गोष्ट आहे. आणि शिकवायला सगळ्यात उत्तम साधन कोणतं, तर नमुना. चित्रातलं विमान एका बाजूनंच दिसतं. नमुना हातात धरून फिरवता येतो. खालून, मागून, तिरका, उजेडाच्या विरुद्ध. १९४१ पासून इंग्लंडात 'द एरोप्लेन स्पॉटर' नावाचं साप्ताहिकच निघू लागलं, केवळ विमानं ओळखण्याला वाहिलेलं. अमेरिका युद्धात उतरली तेव्हा, १९४२ च्या आरंभी, तिथल्या नौदलानं शाळांना साकडं घातलं. पन्नास प्रकारच्या विमानांचे प्रत्येकी दहा हजार, म्हणजे एकूण पाच लाख लाकडी नमुने शाळकरी मुलांनी आपल्या सुतारकामाच्या तासाला करून द्यावेत. प्रमाण एकास बहात्तर, रंग काळा. मुलांनी ते केले. त्याबद्दल त्यांना प्रमाणपत्रं मिळाली, मानाचे हुद्दे मिळाले. आणि तोलून मापून तपासणीही झाली, कारण पंख पाव इंचानं चुकला तर त्या नमुन्यावर शिकलेला तोफची कोणावर गोळा टाकील ह्याचा नेम नव्हता. नमुना पस्तीस फुटांवर टांगला की तो अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढा दिसतो. गुणाकार करून बघा, जवळपास येतो. वर्गाच्या एका टोकाला नमुना, दुसऱ्या टोकाला जवान, मधे अर्धा मैल आकाश.

शिकवण्याची रीत अशी होती की पंख, इंजिन, धड, शेपूट ह्या क्रमानं बघायचं. पण तयार झालेला माणूस तसं तुकड्यातुकड्यानं बघत नाही, हे मी बँकेच्या अनुभवावरून सांगू शकतो. सही तपासणारा नवा कारकून अक्षर न्‌ अक्षर ताडतो आणि घोटाळ्यात पडतो. मुरलेला कारकून एकूण चाल बघतो. आमच्याकडे एक पेन्शनर आजोबा येतात. त्यांचा हात आता इतका थरथरतो की संगणकाच्या पडद्यावरची त्यांची वीस वर्षांपूर्वीची सही आणि आजची सही ही दोन वेगळ्या प्रांतांतली माणसं वाटावीत. पण पहिलं अक्षर टाकताना पेन जसं डावीकडे झुकतं आणि शेवटी खाली एक रेघ ओढून जसं थबकतं, ते तसंच आहे. उलट, हुबेहूब सही बघून कधीकधी जास्त धास्ती वाटते, कारण एकच माणूस दोनदा अगदी सारखी सही करत नाही. आजोबांना 'सही जुळत नाही' म्हणून परत पाठवणं म्हणजे आमच्या परीनं बार्किंग क्रीकच. फरक इतकाच की आमच्याकडे कोणी मरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी नवा अर्ज भरून देता येतो.

आकार ओळखू येईना तिथे रंगाची मदत घेतली गेली. आणि हेडकॅशियरांच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे सुरू होतं. युद्धाच्या पहिल्या काही महिन्यांत ब्रिटिश लढाऊ विमानांची खालची बाजू अर्धी काळी, अर्धी पांढरी रंगवलेली असे. एक पंख कोळशासारखा, एक चुन्यासारखा. दिसायला ते ध्यान दिसे, पण हेतू हा की खालच्या तोफखान्यानं वर बघताच 'हा आपला' असं म्हणावं. पुढे जुलै १९४३ मध्ये सिसिलीवर अमेरिकन छत्रीधारी सैनिक घेऊन १४४ वाहतूक विमानं रात्री निघाली. आपल्याच जहाजांनी त्यांच्यावर गोळे डागले. २३ विमानं पडली, आणखी ३७ जायबंदी झाली. ह्या अनुभवानंतर नॉर्मंडीच्या स्वारीपूर्वी हुकूम निघाला की दोस्तांच्या विमानांच्या पंखांवर आणि धडावर काळे-पांढरे पट्टे रंगवा. तीन पांढरे, दोन काळे. गुप्तता राखायची म्हणून हुकूम अगदी शेवटी दिला. ६ जून १९४४ च्या आधीच्या दोन-तीन दिवसांत हजारो विमानं रंगवायची होती. मग काय, मिळेल तो कुंचला आणि सापडेल तो माणूस. पट्टे वाकडे, कडा फाटलेल्या, रंग ओघळलेला.

ह्यातून आमच्या छंदात एक मजेदार पेच निर्माण झाला आहे. हौशी माणूस आठ दिवस खपून, चिकटपट्टी लावून, ते पट्टे फूटपट्टीनं आखल्यासारखे सरळ रंगवतो. मग जाणकार येतो, चष्मा कपाळावर सारतो आणि म्हणतो, "सुंदर! पण चूक." कारण खरे पट्टे सरळ नव्हतेच. जगात बहुधा हा एकच छंद असेल जिथे नीटनेटकेपणाला गुण कापतात. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांना हे कळलं असतं तर माझी गणना मोठ्या चित्रकारांत झाली असती.

आपल्याकडची गोष्टही ह्याच रंगाच्या पेटीत आहे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय वायुदलाची हरिकेन विमानं लढली आणि १९४४ च्या अखेरीपासून आपल्या आठव्या पथकाची स्पिटफायर्सही. ब्रिटिश विमानांवर एरवी निळं, पांढरं आणि मधे लाल अशी वर्तुळं असत. पण तिथे समोर जपानी होते आणि त्यांच्या पंखांवर लाल सूर्य. दुरून दिसतं काय, तर लाल ठिपका. तेव्हा ह्या आघाडीवरच्या विमानांवरून लाल रंगाला रजा मिळाली आणि फक्त गडद आणि फिका निळा उरला. स्वातंत्र्यानंतर काही काळ आपल्या विमानांवर अशोकचक्र आलं आणि १९५० पासून बाहेर केशरी, मधे पांढरा, आत हिरवा असं आजचं वर्तुळ. कुणाच्या पंखावर कुठला ठिपका, ह्यावर माणसं जगली आणि मेली. म्हणून, हेडकॅशियरसाहेब, हिरवा तो हिरवा नव्हे.

युद्ध संपलं आणि ही सगळी विमानं एका रात्रीत भंगार झाली. स्पिटफायर वीस हजारांच्या वर बनली होती. आज उडू शकणारी शंभराच्याही आत आहेत. बाकीची वितळली. त्यांची भांडी झाली असतील, शिड्या झाल्या असतील. आणि नेमक्या त्याच काळात लंडनमध्ये एक गृहस्थ प्लॅस्टिकचे कंगवे विकत होते.

निकोलस कोव्ह हे त्यांचं नाव. हंगेरीतून आलेले ज्यू निर्वासित. १९३९ साली त्यांनी हवा भरायच्या रबरी खेळण्यांचा कारखाना काढला आणि नाव ठेवलं 'एअरफिक्स'. नावात एअर असलं तरी विमानाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. व्यापाऱ्यांच्या सूचीत वर्णानुक्रमे आपलं नाव आधी यावं, इतकाच हेतू. (हजेरीपटात कायम शेवटी पुकारल्या गेलेल्या माणसाला ह्या दूरदृष्टीचं मोल विचारा.) युद्धानंतर त्यांनी प्लॅस्टिक साच्यात दाबून भरणारं यंत्र आणलं आणि कंगव्यांचा रतीब सुरू केला. १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या कंपनीनं विक्रेत्यांना दाखवण्यासाठी ट्रॅक्टरचे छोटे नमुने मागवले. ते जोडायला वेळ फार जाई. मग तेच सुटे तुकडे विकले तर? जोडायची मेहनत गिऱ्हाईकाची, पैसे आपले! ही कल्पना ज्याला सुचली त्याला मी मनोमन नमस्कार करतो. आजच्या बँका तेच करतात. पूर्वी आम्ही भरायचो ते सगळे रकाने हल्ली ग्राहक स्वतःच मोबाईलवर भरतो आणि वर त्याला सोय म्हणतो.

पुढे वूलवर्थच्या दुकानांसाठी 'गोल्डन हाइंड' जहाजाचा संच आला. किंमत दोन शिलिंग. तेवढ्यात बसवायचं म्हणून खोकं रद्द करून साधी प्लॅस्टिकची पिशवी आणि वर कागदी पट्टी. आणि १९५० नंतरच्या चार-पाच वर्षांत त्याच पिशवीतून पहिलं विमान आलं, ते अर्थातच स्पिटफायर. गंमत अशी की हा नमुना खऱ्या विमानावरून न बेतता अमेरिकेतल्या अरोरा कंपनीच्या संचावरून लहान करून घेतलेला होता. त्यामुळे मूळ संचातल्या चुका इमानेइतबारे ह्याच्यातही उतरल्या. पंखांचा आकार गडबडलेला आणि धडावर 'बीटी-के' अशी जाणकारांना खटकणारी अक्षरं. खातेवही न बघता दुसऱ्याच्या वहीवरून आकडा उतरवला की काय होतं ते आम्हाला लेखापरीक्षणाच्या वेळी चांगलं कळतं. ताळा जमतो, पण चुकीशी जमतो. तरी इंग्लंडातल्या पोरांनी ते विमान खाऊच्या पैशांतून डोक्यावर घेतलं. त्यांचे बाप, काका ज्या युद्धातून आले होते आणि ज्याबद्दल ते घरात फारसं बोलत नसत, ते युद्ध ही पोरं स्वयंपाकघराच्या टेबलावर तुकडा तुकडा जोडून समजून घेत होती.

मग मागोमाग मेसरश्मिटही आलं. जरा थांबून विचार करा. युरोपातल्या ज्या आगीतून एक ज्यू माणूस कसाबसा इंग्लंडला पोचला, त्याच्याच कारखान्याच्या साच्यातून हिटलरच्या विमानाचे पंख बाहेर पडू लागले. त्याला काय वाटलं असेल? व्यापार म्हणून सोडून दिलं असेल? की इंचभर उंचीचा शत्रू दोन शिलिंगांना विकण्यात त्याला एक वेगळंच समाधान लाभलं असेल? ह्याची नोंद कुठल्याही खात्यात सापडत नाही.

पिशवी जाऊन खोकी आली आणि खोक्यांवर चित्रं आली. १९६४ ते १९७४ ही दहा वर्षं रॉय क्रॉस ह्या चित्रकारानं एअरफिक्सची झाकणं रंगवली. सुरुवात केली ती डॉर्नियर २१७ ह्या जर्मन बाँबफेकी विमानानं. आतल्या करड्या तुकड्यांना झाकणावरच्या त्या ज्वाळा, तो धूर, तो कलता पंख कधीच गाठता यायचे नाहीत, पण गाठू ह्या आशेवर जगातली निम्मी पोरं गोंदानं बोटं चिकटवून घेत होती. पुढल्या काळात मुलांच्या मनाचा विचार होऊन काही झाकणांवरचे स्फोट पुसून टाकण्यात आले. विमान तेच, वैमानिक तोच, फक्त आग नाही. लढाऊ विमान सहलीला निघाल्यासारखं दिसू लागलं.

पुसण्याचं दुसरं उदाहरण आमच्याच घरी घडलं. मी मेसरश्मिट रंगवत बसलो होतो. जर्मनीत त्या चिन्हावर कायद्यानं बंदी असल्यामुळे कित्येक खोक्यांच्या चित्रांत विमानाची शेपटी कोरी ठेवतात आणि आतल्या चिकटचित्रांत ते चिन्ह नसतं, किंवा दोन तुकडे करून देतात. माझ्या संचात ते दोन तुकड्यांत होतं. मी चिमट्यानं ते पाण्यातून काढून शेपटीवर जुळवलं, तेवढ्यात आई शेजारी येऊन बसली. तिनं ते पाहिलं आणि प्रसन्न होऊन म्हणाली, "बरं केलंस हो स्वस्तिक काढलंस. जरा वाकडं झालंय, पण असू दे." मी तिला ते कोणाचं चिन्ह, त्याखाली काय काय झालं, किती लाख माणसं कशी मारली, हे सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "आपल्या दारावरचं त्यांनी कशाला रे घेतलं?" अर्ध्या मैलावरून ओळखण्याचे सगळे धडे मला पाठ होते. ह्या प्रश्नाचं उत्तर त्यांत नव्हतं.

फ्रॉगच्या बेडकाचं पुढे काय झालं तेही ऐकण्यासारखं आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती कंपनी बुडाली आणि तिचे पोलादी साचे विकायला निघाले. गिऱ्हाईक निघालं सोव्हिएत रशिया. रशियनांनी साचे घेतले आणि 'नोव्हो' नावानं विमानं विकली. पण सगळे नाही घेतले. जर्मन आणि जपानी विमानांचे साचे त्यांनी नाकारले. ते मग रेव्हेल कंपनीकडे गेले. युद्ध संपून तीस वर्षं झाली होती, विमानं सहा इंचांची होती, प्लॅस्टिकची होती, तरी शत्रूला घरात घ्यायचं नाही! ज्या देशानं त्या युद्धात दोन कोटींहून अधिक माणसं गमावली, त्याला ह्याबद्दल हसण्याचा अधिकार निदान मला तरी नाही.

एअरफिक्सही ह्याच्यात्याच्या ओट्यात पडत शेवटी २००६ साली हॉर्नबी ह्या आगगाड्यांच्या खेळण्यांच्या कंपनीकडे गेलं. आणि त्यानंतरच्या काळात त्यांच्या कित्येक खोक्यांवर चक्क 'मेड इन इंडिया' झळकू लागलं. म्हणजे इंग्रजांचं स्पिटफायर भारतात साच्यातून निघतं, बोटीनं इंग्लंडला जातं आणि माझ्यासारखा मराठी माणूस ते तिथून, दुप्पट पैसे आणि जकात भरून, परत मागवतो. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धान्त मांडला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर मीच असणार.

बाकी आमचं घरगुती युद्ध चालूच असतं. थिनरच्या वासावरून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या चिमट्यांवरून (पंख वाळेपर्यंत धरून ठेवायला ते फार उपयोगी पडतात), आणि कामवाल्या मावशींच्या केरात गेलेल्या तांदळाएवढ्या चाकावरून. तुकडे संपल्यावर उरलेली चौकट मेणबत्तीवर धरून ताणली की केसासारखा धागा निघतो. तो शेपटीपासून कॉकपिटमागच्या खांबापर्यंत लावला की रेडिओची तार होते. हे काम श्वास रोखून करावं लागतं आणि दारावरची घंटा नेमकी तेव्हाच वाजते.

सगळ्यात शेवटी बसवायचा तो वैमानिक. इंचभराचा, बसलेला म्हणून आणखी बुटका. त्याचा चेहरा म्हणजे गुलाबी रंगाचा एक ठिपका. सुईच्या टोकानं दोन डोळे काढावेत तर तो दचकल्यासारखा दिसतो, न काढावेत तर झोपल्यासारखा. वर काच चिकटवली की तो पुन्हा कोणाला नीट दिसणार नसतो. तरी मी त्याच्या पट्ट्यांचे रंगसुद्धा बघून लावतो. माझ्याकडच्या एका हरिकेनची खालची बाजू अर्धी काळी, अर्धी पांढरी आहे, १९३९ च्या सप्टेंबरातल्यासारखी. त्यातल्या गुलाबी ठिपक्यावर मी एक अख्खा रविवार घालवला. काच लावायला मन धजत नव्हतं.

सध्या टेबलावर मिग-२१ आहे. पंख जेमतेम चार इंच. १९६३ साली ते वायुदलात आलं, आपल्या नाशिकजवळ ओझरला पुढे शेकड्यांनी बनलं, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला समारंभानं निवृत्त झालं. म्हणजे माझ्या लहानपणी डोक्यावरून गेलेलं विमान आता अधिकृतपणे 'जुनी विमानं' ह्या सदरात जमा. कपाटात त्याची जागा हरिकेनशेजारी ठरली आहे. त्याच फळीवर स्पिटफायर आणि मेसरश्मिट नाकाला नाक लावून उभी आहेत. रशियनांना पटणार नाही, पण आमचा फ्लॅट साडेपाचशे चौरस फुटांचा आहे आणि फळी एकच.

परवा आमच्या हिनं फळी पुसायला काढली. मी धावत गेलो, तर ही पाठमोरी, शेजारच्या काकूंशी बोलत, न बघता एकेक विमान उचलून पुसून ठेवत होती आणि प्रत्येक जिथल्या तिथे जात होतं. मी विचारलं, "अगं, न बघता तुला कळतं कसं?" ही म्हणाली, "अहो, त्यात काय कळायचंय? हे पाठीत पोक आलेलं, ते हरिकेन. ह्याच्या पंखांना कुठे कोपराच नाही, फडकं सरळ निसटतं, ते स्पिटफायर. आणि ते मेलं चौकोनी टोकाचं, दर वेळी फडक्यात अडकतं, ते जर्मन." तेवढ्यात नव्या मिगच्या नाकावरची सुई हिच्या बोटाला लागली.

"आणि हे?" मी विचारलं.

"हे आपलं," ही बोट झटकत म्हणाली. "लागलं तरी फेकवत नाही."

काकू दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. जाताना जिन्यात त्या काय पुटपुटल्या ते मला स्पष्ट ऐकू आलं. फक्त ह्या खेपेला अनेकवचन होतं.